आमटीत गूळ कशाला?

महाराष्ट्रात जेवणाच्या पंगतीत वाद पेटवायचा असेल तर फार डोकं चालवावं लागत नाही. 'तुमच्याकडे आमटीत गूळ घालतात का हो?' एवढं विचारायचं आणि बाजूला सरकायचं. एकजण म्हणतो, 'आमटी आहे की पाक?' दुसरा म्हणतो, 'गूळ नाही तर ती आमटी कसली, नुसतं फोडणीचं वरण.' यातली गंमत अशी, की ज्या कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्यात औषधालाही गूळ सापडायचा नाही. कांदा, खोबरं, तीळ, लसूण आणि घरची चटणी यांच्यावर तिथला रस्सा उभा असतो. गूळ मात्र ट्रकमध्ये बसून पुण्याला येतो आणि सुपारीएवढ्या खड्याने तिथल्या आमटीत पडतो.

मी गुळाच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही या भांडणातले दोघेही एका बाबतीत चुकतात. गोड आणि तिखट-मीठ एकत्र खाणारे आणि न खाणारे असे दोन गट मुळात नाहीतच. एकत्र सगळेच खातात. कुणी ते पातेल्यात एकत्र करतो, कुणी ताटात, कुणी थेट तोंडात.

खानदेशातली खापरावरची पुरणपोळी घ्या. तिच्याबरोबर येते ती झणझणीत रशी. रशीत गुळाचं नाव नसतं, पण घास पोळीचा आणि रशीचा मिळूनच होतो. पुण्याकडे पुरणाची डाळ शिजल्यावर निथळलेल्या कटाची आमटी करतात, तिच्यात चिंच-गूळ-गोडा मसाला पडतो आणि मग तीही पोळीच्या बाजूलाच बसते. म्हणजे एकीकडे गोडाची आणि तिखटाची गाठ तोंडात पडते, दुसरीकडे ती चुलीवरच पडलेली असते. लग्नातल्या जिलबी-मठ्ठ्याची गोष्टही तीच. एकाच चवीचं खात राहिलं की पोट भरायच्या आधीच त्या चवीला माणूस विटतो, पण वेगळ्या चवीची भूक शाबूत राहते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हे प्रयोगांनी दाखवलं. आपल्याकडच्या वाढप्यांना ते ठाऊक असायला शोधनिबंध लागला नाही. आलं-मिरची-कोथिंबीर लावलेला खारट मठ्ठा मधूनमधून फिरला नाही, तर जिलबीची परात दुसऱ्या फेरीतच अडते.

आमटीतल्या गुळाला नाकं मुरडणारे लोक भेळवाल्याला मात्र 'गोड चटणी जरा सोडा अजून' असं बिनदिक्कत सांगतात. ती चटणी म्हणजे चिंच, गूळ किंवा खजूर, मीठ, जिरं. आमटीतलीच मंडळी, फक्त डाळ रजेवर. आणि वड्या-समोशावर जो टोमॅटो केचप ओततात, त्यात वजनाच्या जवळपास पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी साखर असते. एवढा गूळ पुण्यातली कुठलीही आजी आमटीत घालणार नाही.

मग गूळ तिथे करतो काय? आमटी गोड करणं हे त्याचं काम नाहीच. घोट घेतल्यावर 'गोड आहे' असं मनात आलं, तर स्वयंपाक करणाऱ्याचा हात चुकला. गुळाने चिंचेला किंवा आमसुलाला सांभाळायचं असतं. म्हणून पारंपरिक आमटीत गूळ एकटा जात नाही. चिंच-गूळ किंवा आमसूल-गूळ अशी जोडीच जाते. ज्या घरांत चिंच न घालता नुसता गूळ टाकतात, तिथली आमटी खरोखरच पाकासारखी लागते, आणि गुळाची सगळी बदनामी तिथूनच झाली असावी असा माझा संशय आहे.

आंबट आणि गोड एकमेकांना दाबतात, हे पन्ह्यात सगळ्यांत स्वच्छ दिसतं. उकडलेल्या कैरीचा गर नुसता चाखला तर दात आंबतात. गूळ घातला की तोच गर पेयासारखा पिता येतो. पण कैरीचं आम्ल कुठे गेलेलं नसतं. गूळ किंवा साखर आम्लाला मारत नाही, म्हणजे खाण्याचा सोडा जसं आम्लाचं रासायनिक रूपच बदलून टाकतो तसं इथे काही होत नाही. पन्ह्यात आम्ल जवळपास तेवढंच राहतं, आपल्याला ते कमी जाणवतं इतकंच. उलट बाजूने गूळही जितका घातला तितका जाणवत नाही. दोघंही अर्धे अर्धे दबतात आणि त्या दबण्यातून एक तिसरीच चव तयार होते, जिला आपण 'आंबटगोड' म्हणतो. मिरचीचं प्रकरण थोडं वेगळं. तिखट ही खरं तर चव नाही, जळजळ आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या एका ग्राहकाला चिकटतं. तो ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ही जळजळही साखरेने कमी भासते. सणाच्या पानात डावीकडे वाढतात ते पंचामृत (देवाचं नव्हे, मिरच्यांचं) पाहा. मिरच्यांचे तुकडे, चिंचेचा कोळ, गूळ, तिळाचं आणि दाण्याचं कूट, खोबऱ्याचे काप. त्यात मिरच्या जितक्या पडतात तितक्या कुठल्याही भाजीत टाकून बघा, घरचे पानावरून उठतील. पंचामृत मात्र लोक बोटाने चाटून संपवतात.

आता कारलं. माझ्या मते गोड आणि खारट या दोघांच्या कामातला फरक कारल्याइतका उघड दुसरीकडे कुठे दिसत नाही. कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून ठेवायचं, सुटलेलं पाणी पिळून टाकायचं, मग तेलात परतायचं आणि शेवटी चिंच-गूळ घालायचा. पिळण्याने थोडा कडूपणा पाण्याबरोबर जातो हे खरं, पण बराचसा आतच राहतो. राहिलेल्या कडूपणाशी मीठ आणि गूळ वेगवेगळ्या जागी लढतात. १९८५ मध्ये क्रोझ आणि बार्टोशुक या संशोधकांनी त्यासाठी एक चतुर प्रयोग केला. जिभेच्या एका अर्ध्या भागावर कडू क्विनाइन आणि दुसऱ्या अर्ध्यावर साखर. दोघांची गाठ जिभेवर पडतच नव्हती, तरी कडूपणा कमी वाटला. साखरेच्या जागी मीठ ठेवलं तेव्हा मात्र तसा परिणाम झाला नाही. कडूपणा कमी व्हायला मीठ क्विनाइनच्याच बाजूला, त्याच्यात मिसळून असावं लागलं. याचा अर्थ मीठ कडूपणाला जिभेवरच अडवतं आणि साखर त्याला मेंदूत जाऊन गाठते. कारल्याला आधी मीठ आणि मग गूळ लावणाऱ्या बाईने दोन्ही नाक्यांवर पहारे बसवलेले असतात.

मिठाच्या या गुणामुळेच ते गोडाच्या पदार्थात जातं. उकडीच्या मोदकांच्या उकडीत चिमूटभर मीठ असतं. पुरणपोळीच्या कणकेत असतं. शिऱ्यात, नारळाच्या सारणात, अगदी बासुंदीतही कणभर मीठ टाकणाऱ्या सुगरणी मी पाहिल्या आहेत, आणि विचारलं तर 'त्याने गोडी खुलते' एवढंच उत्तर मिळतं. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या ब्रेस्लिन आणि बोशाम्प यांनी १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये याचं कारण मांडलं. कडू आणि गोड यांच्या मिश्रणात सोडियमचा क्षार घातला तर कडू दबतं, आणि कडूच्या दाबाखाली असलेलं गोड वर येतं. म्हणजे मीठ गोडी निर्माण करत नाही, गोडीच्या छातीवर बसलेल्याला उठवतं. गुळाच्या गोडीखाली किंचित कडवट धार असतेच, त्यामुळे गुळाच्या पदार्थात चिमटीभर मीठ साखरेच्या पदार्थापेक्षाही जास्त काम करतं असा माझा अनुभव आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या किबरों गावात ऑन्री ल रू यांनी १९७७ च्या सुमारास खारं लोणी घालून कॅरॅमल केलं, आणि आज जगभरच्या आइस्क्रीमच्या दुकानांत जे 'सॉल्टेड कॅरॅमल' मिळतं ते त्याचं नातवंड. ब्रिटनीत लोणी खारंच का? तर फ्रान्सच्या राजांचा मिठावरचा जाचक कर या प्रांताला माफ होता. मीठ स्वस्त, म्हणून लोण्यात ते सढळ हाताने पडायचं.

मीठ आणि साखर यांची मैत्री जिभेच्याही खाली, आतड्यापर्यंत पोचते. आतड्याच्या पेशींत एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजला आत घेतं, पण सोडियमला बरोबर घेतल्याशिवाय नाही. दोघं आत गेले की त्यांच्यामागून पाणी जातं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली, आणि ११ वर्षांनी तिने माणसं वाचवली. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाइन अपुरं पडू लागलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून रुग्णांना ते पाजायला सुरुवात केली. तिथला मृत्यूंचा आकडा ३० टक्क्यांच्या आसपास होता, तो ४ टक्क्यांच्या खाली आला. जुलाब झालेल्या मुलाला लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्या, असं आज सांगतात त्याचं मूळ हे. पुढे २०११ मध्ये तोच वाहक उंदरांच्या जिभेवर, गोड ओळखणाऱ्या पेशींतही सापडला. मीठ असताना साखर जास्त गोड का लागते, याचं आणखी एक कारण कदाचित तिथे असेल. वैशाखात उन्हातून आलेल्या पाहुण्याला पन्हं किंवा लिंबाचं सरबत देताना त्यात मीठ घालायला न विसरणाऱ्या घरांनी चव आणि प्रकृती या दोन्ही गोष्टी एकाच चिमटीत उरकल्या.

इतकी जुनी आणि इतकी सगळीकडे असलेली जोडी कुणाला विचित्र का वाटावी? त्याचं एक उत्तर युरोपात आहे. मध्ययुगीन युरोपात साखर हा मसाला होता, दालचिनी-आल्यासारखाच महाग, आणि श्रीमंतांच्या मांसाच्या पदार्थांत तो पडायचा. 'ब्लांमांज' हा तेव्हाचा मानाचा पदार्थ म्हणजे कोंबडीचं मांस, तांदूळ, बदामाचं दूध आणि साखर. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये वारं फिरलं. १६५१ मध्ये ला व्हारेनचं पाकपुस्तक आलं, आणि त्या सुमारापासून लोणी, मटणाचा अर्क, औषधी पानं यांच्यावर उभा असलेला खारा स्वयंपाक एकीकडे, साखर दुसरीकडे, असे वाटे पडत गेले. कॅरिबियन बेटांवर गुलामांकडून पिकवून घेतलेल्या उसाची साखर ढिगाने येऊ लागली आणि तिचा तोरा उतरला, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. साखर जेवणाच्या शेवटी ढकलली गेली आणि 'डेझर्ट' नावाचा वेगळा अंक सुरू झाला. इंग्रजी अमलात आणि नंतर हॉटेलांत तीच पद्धत 'रीतसर' ठरली. गोड शेवटीच खायचं असतं, असं आता आपल्यालाही वाटतं. सुश्रुताने मात्र जेवणाच्या सुरुवातीला मधुर, मध्ये आम्ल आणि लवण, आणि मग बाकीचे रस असा क्रम सांगितला आहे.

जे या फाळणीत सापडले नाहीत त्यांनी जुनं चालू ठेवलं. तुर्कस्तानात कोंबडीच्या छातीच्या मांसाचे धागे काढून दूध-साखरेत शिजवलेला 'तावुक गोसू' आजही मिठाई म्हणून विकत मिळतो. इराणात डाळिंबाचा घट्ट रस आणि अक्रोड घालून कोंबडी किंवा बदक शिजवतात. आपल्या शेजारच्या पारशी घरांत जर्दाळू घालून मटण करतात आणि वर बटाट्याची सळी पेरतात. एका घासात गोड जर्दाळू, खारं मटण, कुरकुरीत बटाटा. हा इराणी वारसा मुंबईत कैक पिढ्या नांदतो आहे. गोव्यात आणि दक्षिण कोकणात पिकलेले रायवळ आंबे ओलं खोबरं, लाल मिरची, मोहरी आणि गूळ घालून 'सासव' करतात. त्यात मोहरीची नाकात जाणारी चुणचुण आंब्याच्या गोडीला अशी काही टोचते की हापूसवाले आंब्याची निव्वळ गोडी का मिरवतात असा प्रश्न पडावा.

पण शहाणपणाचं खरं ठिकाण म्हणजे आमटीचं पातेलं. तुरीची डाळ हळद-हिंग घालून मऊ शिजवायची आणि घोटायची. फोडणीत मोहरी, हिंग, कढीपत्ता, हवे तर चार मेथीदाणे. मग डाळ, पाणी, गोडा मसाला, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ आणि दणदणीत उकळी. इथे क्रमाला कारण आहे. चिंच-गूळ डाळीबरोबरच कुकरला लावले तर डाळ गाठाळ राहते. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात सहज सुटत नाही, आणि गुळातली साखर आणि कॅल्शियम त्याला आणखी घट्ट करतात. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये राजम्यासारखे घेवड्याचे दाणे काकवीत तासन्‌तास शिजवतात तरी ते फुटत नाहीत, ते याच जोरावर. त्यांना अख्खा दाणा हवा असतो, आपल्याला घोटलेली डाळ. म्हणून आपल्याकडे गुळाने डाळ शिजेपर्यंत दाराबाहेर थांबायचं. दुधाशी तर त्याचं त्याहून वाकडं. उकळत्या दुधात गूळ टाकला की ते फाटायची भीती, त्यामुळे गुळाची खीर खाली उतरवून, वाफ गेल्यावरच गूळ ढवळायचा.

गोड्या मसाल्यात साखरेचा कण नसतो. धने, तीळ, सुकं खोबरं, दालचिनी, लवंग, नागकेशर, दगडफूल हे सगळं तेलावर भाजून कुटलेलं असतं. तरी तो घातला की आमटीत गूळ कमी पुरतो. नेहमी गोडाबरोबर भेटणारे वास मेंदू गोडीच्या खात्यात जमा करतो. १९८८ मधल्या एका प्रयोगात साखर घातलेल्या फेटलेल्या सायीला स्ट्रॉबेरीचा वास दिला, तर ती लोकांना जास्त गोड लागली. शेंगदाण्याच्या लोण्याचा वास दिल्यावर तसं काही झालं नाही. आपल्या जेवणात दालचिनी आणि भाजलेलं खोबरं स्ट्रॉबेरीचं काम करत असणार.

बिघडलेली आमटी सुधारतानाही हीच समज उपयोगी पडते. गूळ जास्त झाला की हात आपोआप मिठाकडे जातो, आणि मग आमटी गोडही राहते आणि खारटही होते. तिथे हवा असतो चिंचेचा कोळ. चिंच जास्त झाली तर गुळाचा लहानसा खडा. मीठ जास्त झालं तर पाणी, डाळ किंवा खोबरं घालून ते खरोखर पातळ करावं. गुळाने ते झाकता येतं, पण झाकलेलं मीठ पोटात तेवढंच जातं.

हे झाकणं घरच्या आमटीत फार नुकसान करत नाही, बाजारातल्या बाटल्यांत करतं. कोलासारख्या पेयात १०० मिलिलिटरला दहा ग्रॅमच्या वर साखर असते. तेवढी साखर नुसत्या पाण्यात घातली तर दुसऱ्या घोटाला नको होते. ती पिववते ती आम्लाच्या संगतीने. केचपमध्ये साखर, व्हिनेगर आणि मीठ तिघंही एकमेकांच्या आड उभे असतात, म्हणून तिघांचंही प्रमाण जिभेला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं आणि वरून घातलेल्या साखरेतून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी. अशा वेळी चवीवर विसंबण्यात अर्थ नाही, वेष्टनामागचे बारीक आकडेच वाचावे लागतात. आणि 'आम्ही साखर सोडली, गूळ खातो' म्हणणाऱ्या मधुमेह्यांनी एवढं लक्षात ठेवलेलं बरं, की गुळाचा बहुतेक भाग साखरच असतो.

गूळ घेताना मात्र साखरेइतकं निश्चिंत राहता येत नाही. साखर कुठल्याही दुकानातून आणा, एकसारखीच. गुळाची ढेप जमिनीची चव घेऊन येते. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ खारट निघतो, आणि तो सुपारीएवढा खडा आमटीत गोडाबरोबर मीठही सोडतो. नवी ढेप फोडली की जुन्या अंदाजाने मीठ घातलेली आमटी हमखास खारट होते. म्हणून अनुभवी बायका आधी ढेपेचा कोपरा तोडून जिभेवर ठेवतात, मग मिठाच्या बरणीचं झाकण उघडतात.